मुंबईची माणसं येईपर्यंत



मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा तासांविषयी मी आज बोलणार आहे. आरोंद्याच्या या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटलं होतं म्हणे. संयोजकांनी तरीही तो ठेवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मुंबईत मी नेत्रपेढीत काम केलं. ज्या घरात माणूस गेला आहे तिथे जायचं, घरच्यांशी बोलायचं, त्यांची संमती असेल तर मृताच्या डोळ्यांची पारपटलं काढून पेढीत आणायची, हे ते काम. पुढे त्वचादानाच्या पथकांबरोबरही गेले. माझं आजोळ इथलंच, तेरेखोलच्या खाडीकाठचं. त्यामुळे इथल्या घरातला मृत्यू, ओटीवर जमलेली वाडी, मागीलदारी कुजबुजणाऱ्या बायका, हे सगळं माझ्या ओळखीचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करते. अवयवदान म्हटलं की आपल्याला मूत्रपिंड, यकृत, हृदय आठवतं. मृत्यूनंतर ते द्यायचं तर माणूस रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासावर असावा लागतो. मेंदू मृत झालेला असतो, पण हृदय चालू असतं. आरोंद्यात आपल्या घरात, आपल्या खाटेवर शांतपणे गेलेल्या आजोबांची मूत्रपिंडं कुणाच्या उपयोगी पडत नाहीत, कारण रक्त थांबताच ती निकामी होऊ लागतात. ऊतींचं तसं नाही. डोळ्याचं पारपटल, त्वचा, हाड, हृदयाच्या झडपा या गोष्टी हृदय थांबल्यावरही काही तास टिकून राहतात. खेड्यातल्या घरातून देता येण्यासारखं दान हेच. तरीही सभांमधून आणि फलकांवरून आपण अवयवांविषयी जितकं बोलतो, त्याच्या पावपटही ऊतींविषयी बोलत नाही, हे मला फार लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 साली संसदेने केला आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून तो लागू झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने सुरुवातीला तो केंद्रशासित प्रदेशांखेरीज तीनच राज्यांत आला: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. म्हणजे तेरेखोलच्या दोन्ही काठांवर तो एकाच दिवशी आला. 2011 च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातच अवयवांच्या जोडीला ऊती आल्या. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, ती आपल्यासाठी मोठी आहे. पारपटल काढण्यासाठी डॉक्टरच हवा असं राहिलं नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञही ते काढू शकतो. यावर मी शेवटी येणार आहे.

पारपटल म्हणजे कॉर्निया. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू तो मुख्यतः हवेतून आणि अश्रूंतून घेतो. म्हणूनच रक्ताभिसरण थांबलं तरी तो लगेच मरत नाही, आणि दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवला तर ते शरीर त्याला सहसा परका म्हणून ओळखत नाही. रक्तगट जुळवण्याची गरज नसते. हा पडदा पांढरा झाला की आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं.

हे फूल कुणाच्या डोळ्यात पडतं? भाताची झोडणी करताना लोंबीचं कुसळ किंवा तूस डोळ्यात उडतं. बाई पदराने डोळा चोळते आणि कामाला लागते. दोन दिवसांनी डोळा लाल होतो, कुणीतरी दुकानातून थेंबांची बाटली आणून देतं. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशीला रान मोकळं मिळतं आणि पडद्यावर व्रण पडतो. व्रण भरला तरी पांढरा डाग राहतो. दुसरं कारण चुना. पानाच्या चुन्याची पुडी लहान मूल हातात दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. अल्कली असल्याने तो आत झिरपत राहतो. अशा वेळी अर्धा तास वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मगच गाडी शोधावी. आज माझ्या भाषणातलं एवढंच एक वाक्य घेऊन कुणी घरी गेलं तरी माझं येणं कारणी लागलं.

चुन्याचा या शस्त्रक्रियेशी फार जुना संबंध आहे. 7 डिसेंबर 1905 रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी माणसाच्या डोळ्यावर माणसाचं पारपटल बसवलं आणि ते टिकलं. जगातलं ते पहिलं यश. रुग्ण शेतमजूर होता आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. पारपटल आलं ते अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातून. तो डोळा दुखापतीमुळे काढावाच लागला होता. म्हणजे दाता जिवंत होता. मृताचं पारपटल चालतं, हे ओडेसाच्या फिलातोव यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिलं, आणि तिथून नेत्रपेढी ही कल्पना शक्य झाली. भारतातली पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासला निघाली. महाराष्ट्रात 10 जून हा दृष्टिदान दिन पाळला जातो, तो मराठवाड्यात गोरगरिबांच्या डोळ्यांसाठी राबलेल्या डॉ. भालचंद्र यांच्या स्मृतीसाठी.

आता सहा तासांचा हिशेब. पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. पडद्यात शिरलेलं पाणी बाहेर टाकत राहून तो पडदा स्वच्छ ठेवतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास असतात, आणि दृष्टी यावी म्हणून पारपटल बसवायचं तर साधारण दोन हजारांच्या वर असाव्यात असं पेढ्या पाहतात. मृत्यूनंतर दर तासाला त्या घटत जातात, उन्हाळ्यात अधिक वेगाने. म्हणून सहा तास. एकदा पारपटल पोषक द्रवात पडून चार अंश तापमानाला गेलं की मग घाई नाही. 1974 साली मॅकॅरी आणि कॉफमन यांनी काढलेल्या द्रवात ते चार दिवस टिकतं, नंतरच्या द्रवांत चौदा दिवसांपर्यंत. तेवढ्या वेळात ते आरोंद्याहून कुठेही पोहोचू शकतं.

अडतं ते पहिल्या सहा तासांत, आणि तिथे कोकणातली एक रीत आपल्या बाजूने उभी आहे. माणूस गेला की इथे पहिला फोन मुंबईला जातो. लालबागला, परळला, आता डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. "मुंबैसून झील येवंदे, मगे बघूया." तोवर प्रेत ठेवलं जातं. रेल्वे झाली, रस्ते झाले, तरी आठ-दहा तास सहज जातात. देशावर मी कामाला गेले आहे. तिथे कित्येकदा आम्ही दारात पोहोचेपर्यंत तिरडी बांधून झालेली असायची. इथे वेळ असतो. घरातली माणसं त्या वेळात बसून असतात, रडून रडून थकलेली असतात, आणि त्यांना करण्यासारखं काही नसतं. मुलगा पनवेल ओलांडतो तोवर ते दोन पडदे मात्र हळूहळू निकामी होत जातात. आपल्याकडे नेत्रदान होत नाही याचं कारण श्रद्धा, असं शहरातली माणसं सांगतात. मला ते पटत नाही. मी जे पाहिलं त्यात नकारापेक्षा वाट पाहणं जास्त होतं. मुलाला विचारल्याशिवाय कसं करायचं, हा प्रश्न असतो. तो रास्तही आहे. पण विचारायला मुलगा दारात यावा लागत नाही. जो फोन "बाबा गेले" हे सांगायला जातो, त्याच फोनवर हेही विचारता येतं.

संकल्पपत्रांबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. शिबिरं होतात, शेकडो अर्ज भरले जातात, फोटो निघतात. भरणाऱ्यांची भावना खरी असते, यात शंका नाही. पण अर्ज कपाटात राहतो आणि मृत्यूच्या रात्री तो कुणाला आठवत नाही. त्यात ज्याने अर्ज भरला तोच फोन करायला नसतो. उलट, ज्याने कधीही अर्ज भरला नाही त्याच्याही डोळ्यांचं दान जवळचे नातेवाईक संमती देऊन करू शकतात. कायदा ती मुभा देतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मी जिथे जिथे गेले तिथे आम्हाला बोलावणारं बहुधा घरातलं एखादंच माणूस असायचं. कधी सून, कधी नात, कधी शेजारचे मास्तर. आपल्या जिल्ह्यात नेत्रदान वाढवायचं असेल तर अशी माणसं प्रत्येक वाडीत तयार करायला हवीत.

आता आम्ही घरात आल्यावर काय होतं ते सविस्तर सांगते, कारण भीती सगळी तिथे आहे. आम्ही येईपर्यंत घरच्यांनी पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन डोकं जरा उंच ठेवावं. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवावा. आम्ही दोघे येतो. आधी बसतो, काय झालं ते ऐकतो. संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही आणि दोन साक्षीदार घेतो. मग खोलीत थोडी मोकळीक मागतो. कुणाला थांबायचं असेल तर थांबू देतो. मी स्वतः तर सांगायचे, एकाने तरी थांबा. एकाने पाहिलं की बाहेरच्या दहा जणांची भीती जाते. तपासणीसाठी थोडं रक्त घेतो, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांसाठी. जंतुनाशकाने पापण्या आणि भोवतालचा भाग धुतो, निर्जंतुक कापड घालतो, आणि पारपटल भोवतालच्या पांढऱ्या भागाच्या बारीक कडेसह उचलून द्रवाच्या बाटलीत ठेवतो. पूर्वी अख्खा डोळा काढत. आता बहुतेक ठिकाणी तेवढाच पडदा घेतात. डोळ्यावर प्लास्टिकची पातळ टोपी बसवून पापण्या मिटवतो. दोन्ही डोळ्यांना मिळून वीस मिनिटं. चेहरा पुसतो, केस सारखे करतो. नंतर बघणाऱ्याला काही झाल्याचं कळत नाही.

चेहरा पुसण्याचं मी उगीच सांगितलं नाही. हे काम शिकवणारे हातांचं कौशल्य शिकवतात, ते लागतंच. पण घरातली माणसं पुढे वर्षानुवर्षं आठवतात ते वेगळंच. पथकातल्या माणसाने चप्पल कुठे काढली, मृताचं नाव घेऊन बोलला की "बॉडी" म्हणाला, जाताना हात जोडले की नाही. एका घरातली म्हातारी मला म्हणाली होती, "तेका दुखाक देव नको हां." मी तिला दुखणार नाही म्हणून सांगितलं आणि तिच्या देखत हात हलका ठेवला. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिच्या म्हणण्याला अर्थ नसेल. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तेच होतं.

दान घेताना काही सत्यं आधी सांगायला हवीत, आणि ती सांगताना आमच्यातले लोक कचरतात. काढलेलं प्रत्येक पारपटल कुणाच्या डोळ्यावर बसतंच असं नाही. पेढीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या जातात, रक्ताचे अहवाल येतात, आणि बरीच पारपटलं शस्त्रक्रियेला योग्य ठरत नाहीत. ती शिकणाऱ्या डॉक्टरांच्या आणि संशोधनाच्या कामी येतात. हे घरच्यांना त्या रात्रीच सांगावं. नंतर कळलं तर त्यांना आपण फसवलो गेलो असं वाटतं, आणि त्या वाडीतून पुन्हा फोन येत नाही. मधुमेह, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, म्हातारपण, यांतली कुठलीही गोष्ट दानाच्या आड येत नाही. रेबीज, एड्स, कावीळ ब किंवा क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर दान घेत नाहीत. पावसाळ्यात तापाने गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांनी आपल्या मनाने निर्णय करू नये. फोन करावा आणि निर्णय पथकाच्या डॉक्टरांवर सोडावा.

"डोळे काढल्यार फुडच्या जल्माक आंधळो येतलो मां?" हा प्रश्न मला इथेही विचारला जाईल, म्हणून आधीच घेते. विचारणाऱ्याला हसू नये. आपल्या माणसाची त्याच्या मरणानंतरही काळजी वाटते, म्हणून तो विचारतो. मी एवढंच सांगते की डोळे आपण अग्नीला देतोच, आणि अग्नी ते परत करत नाही. पुढचा जन्म मानणाऱ्यानेही हाच देह पुढे जातो असं कधी मानलेलं नाही. देवीला कौल लावून मगच ठरवायचं, असं कुणाला वाटलं तर मी त्याच्या आड येणार नाही. फक्त तो कौल माणूस धडधाकट असताना, घरातले सगळे मिळून लावावा. दधीची ऋषींचं उदाहरण मात्र मी कधी देत नाही. त्यांनी जिवंतपणी देह ठेवला होता. ते ऐकून साध्या माणसाला वाटतं की हे ऋषींचं काम, आपलं नव्हे.

त्वचेबद्दल. भारतातली पहिली त्वचापेढी 2000 साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. नंतर 2009 मध्ये ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणखी एक. शीवचा भाजलेल्या रुग्णांचा विभाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही पेढी का निघाली हे सांगावं लागत नाही. शरीराचा मोठा भाग भाजला की स्वतःची त्वचा घ्यायला जागा उरत नाही, उघड्या जखमेतून पाणी आणि प्रथिनं वाहून जातात, जंतू शिरतात. मृताची त्वचा त्या जखमेवर घातली की ती दोन-तीन आठवडे राहते आणि मग शरीर ती टाकून देतं. पण तेवढ्या अवधीत वेदना कमी होतात आणि रुग्ण तग धरतो. घेताना मांड्या, पाय, पाठ यांवरचा अगदी वरचा पातळ थर यंत्राने उचलतात, पाऊण तासात काम होतं, वर पट्ट्या बांधतात. तिथेही मर्यादा सहा तासांचीच. पंच्याऐंशी टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवण्याची पद्धत नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइकच्या त्वचापेढीने 1980 च्या दशकात बसवली. तशी ठेवलेली त्वचा काही वर्षं टिकते. आज आरोंद्यातल्या घरातून सहा तासांत त्वचा घेणं जमेल असं मी सांगणार नाही, ते खोटं ठरेल. पण तुमची अर्धी माणसं परळ-शीवच्या पंचक्रोशीत राहतात. त्यांच्या घरातून ते जमतं.

परळचंच आणखी एक काम सांगते, कारण त्यात मृत्यू नाही. टाटा रुग्णालय आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, दुर्दैवाने. तिथे 1988 सालापासून ऊतिपेढी आहे. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती उभी केली आणि चालवली. बाळंतपणानंतर पडणारी वार आपल्याकडे मागीलदारी पुरत. रुग्णालयात ती कचऱ्यात जाते. त्या वारेबरोबरचा पातळ पडदा आईच्या संमतीने आणि रक्ततपासणी करून घेतात, धुऊन वाळवतात, पाकिटात बंद करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. वैद्यकीय वस्तू अशा किरणांनी निर्जंतुक करण्याची सोय अणुऊर्जा खात्याने तुर्भ्याला 1974 सालीच उभी केली होती. तो पडदा भाजलेल्या जखमांवर आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमांवर घालतात. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेलं मांडीच्या हाडाचं डोकंही तिथे असंच टिकवतात, आणि गाठ काढल्यावर कुणाच्या हाडात राहिलेली पोकळी भरायला वापरतात. जन्माच्या वेळी आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपल्यापासून सुटलेली गोष्ट दुसऱ्याला बरं करते, हे कळल्यावर अनेकांचा मृत्यूनंतरच्या दानाबद्दलचा आकस गळून पडताना मी पाहिला आहे.

आता आपल्या गावाचं. ओरोसला 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठं दुखणं आलं की आपण खाडी ओलांडून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतो. या तिन्ही दिशांना आपण एकच प्रश्न घेऊन जायला हवं. रात्री दोन वाजता आरोंद्यातून फोन आला तर पारपटल घ्यायला कोण येईल? कायद्याने प्रशिक्षित तंत्रज्ञ चालतो. म्हणजे गरज आहे ती अशा दोन-तीन तरुणांची, एका दुचाकीची, निर्जंतुक साहित्याच्या पेटीची आणि थंड डब्याची. द्रवाची बाटली आणि बर्फ यांपैकी बर्फ तर मासळीच्या धंद्यामुळे इथे हाताशी आहे. नर्सिंगचा किंवा प्रयोगशाळेचा अभ्यास केलेली मुलं-मुली या पंचक्रोशीत आहेत, ती नोकरीसाठी गोव्याला रोज ये-जा करतात. त्यांच्यातल्या कुणी हे प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं तर मी शिकवायला येईन. हे काम रात्रीचं आहे, त्यात पैसा फार नाही, आणि दर वेळी दुःखाच्या घरात शिरावं लागतं. मला ते कधी जड गेलं नाही असं नाही. पण परतताना हातात ती बाटली असायची, आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी एखादी बाई शस्त्रक्रियेसाठी उपाशीपोटी थांबलेली असायची.

ती बाई कोण, हे दात्याच्या घरच्यांना सांगितलं जात नाही. अनेकांना ते कठोर वाटतं. बाबांचे डोळे कुणाला मिळाले, एकदा भेटू द्या, म्हणून मागे लागतात. तो नियम बरोबर आहे असं मी अनुभवाने म्हणते. देणाऱ्याच्या मनात नकळत अपेक्षा तयार होते आणि घेणारा आयुष्यभर ओझ्याखाली राहतो. पेढीचं आभाराचं पत्र तेवढं येतं, तेही काही घरांतून देव्हाऱ्याशेजारी लावलेलं मी पाहिलं आहे.

संयोजकांनी मला संकल्पपत्रांचे अर्ज घेऊन या म्हणून सांगितलं होतं. मी ते आणलेले नाहीत. त्याऐवजी आज रात्री जेवणं झाल्यावर प्रत्येकाने मुंबईला एक फोन करावा. आई-वडिलांनी मुलाला, काकांनी पुतण्याला. मी गेल्यावर तू येईपर्यंत थांबतीलच, पण डोळ्यांसाठी थांबू नका असं मी सांगून ठेवलं आहे, तुझं काय म्हणणं, एवढं विचारावं. तो गप्प बसला तर उद्या पुन्हा विचारावं. आणि तो हो म्हणाला, तर घरातल्या कुणाचा नंबर लिहून घ्यायचा ते ठरवून उद्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात या. मी दहा वाजेपर्यंत तिथे आहे.